आबा काही निजत नाहीत

मिरजेतल्या आमच्या डीटीपीच्या गाळ्यात सगळ्यांत ज्येष्ठ कोण, असं विचारलं तर बोट कोपऱ्यातल्या काळ्या डेस्कटॉपकडे जातं. विंडोज ८ बाजारात आलं त्या सुमारास तो इथे आला. पुढे त्याच्यावर विंडोज १० चढलं. त्याच्यामागून आलेले लॅपटॉप भंगारवाल्याच्या गाड्यावरून गेले, हा मात्र कोपरा सोडायला तयार नाही. गाळ्यातली पोरं त्याला ‘आबा’ म्हणतात. आबांना अहो-जाहो करायचं, त्यांच्या डोक्यावर चहाचा कप ठेवायचा नाही आणि सकाळी बटण दाबल्यावर चहा पिऊन होईपर्यंत त्यांना काही विचारायचं नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

दिसायला आबा साधेच. पुढचं झाकण एका बाजूने निसटलेलं, ते सेलोटेपने धरलेलं. पॉवरच्या बटणावरचा चंदेरी मुलामा बोटं लागून लागून गेलाय आणि खालचं पांढरं प्लॅस्टिक उघडं पडलंय. मागच्या जाळीवर कागदाची भुकटी आणि रस्त्यावरची धूळ यांचा करडा थर. दिवाळीला ब्लोअर मारला की तो जातो आणि संक्रांतीपर्यंत परत येतो. मागच्या यूएसबीत मराठी फॉन्टच्या पॅकेजचं डोंगल कायमचं खोचलेलं. ते जरा हललं की टायपिंग बंद. शेजारी एक जुना फ्लॅटबेड स्कॅनर आणि त्याच्या काचेवर बहुतेक वेळा कुणाच्या तरी दिवंगत आजोबांचा फोटो, पत्रिकेत ‘यांच्या आशीर्वादाने’ म्हणून छापायचा असलेला.

कामाला मात्र आबा खंबीर. मिरजेत हॉस्पिटलं ढीगभर, त्यामुळे केस पेपर आणि लेटरहेडं बारा महिने. मधूनच एखाद्या सतारमेकरांची व्हिजिटिंग कार्डं. आणि तुळशीचं लग्न उरकलं की पत्रिकांचा लोंढा: गणपती, कलश, दोन्हीकडची कुलदैवतं, प्रेषकांची भली मोठी यादी आणि तळाला चिमुकल्यांची ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’. पत्रिका मांडायच्या कोरलमध्ये असली भरगच्च फाइल उघडली की नवी मशिनंसुद्धा धापा टाकतात. आबा नुसता पंख्याचा आवाज चढवतात आणि काम पुरं करतात.

त्यांचा दोष एकच. त्यांना निघता येत नाही.

रात्री नऊला शटर ओढायची वेळ झाली की कुणीतरी ‘शट डाउन’वर क्लिक करतं. पडद्यावर ठिपके गोल फिरतात, पडदा काळा होतो, मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणून डोळे मिटतो. इथपर्यंत सगळं रीतसर. पण कॅबिनेटजवळ कान नेला तर आत पंखा फिरतोच आहे आणि पुढचा निळा दिवा टक्क जागा. ‘येतो बरं का’ म्हणून उठायचं, चपलाही घालायच्या आणि मग उंबऱ्यात उभं राहून तासभर बोलत राहायचं, असे पाहुणे प्रत्येक घराने पाहिलेले असतात. आबा त्या वळणाचे. बरं, रोज असं करतील तर त्याचीही सवय होईल. तसंही नाही. एखाद्या रात्री शहाण्यासारखे चटकन जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडावं तर आदल्या रात्रीपासून उंबऱ्यातच, अंग गरम.

जुन्या पिढीच्या संगणकांना हा रोग नव्हता, कारण त्यांना खराखुरा खटका होता. दाबला की वीज तुटायची. विंडोज ९५ आपलं काम आवरून घ्यायचं आणि काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सांगायचं की आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग माणूस उठून हाताने खटका पाडायचा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाचा स्वभावच बदलला. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय नावाची नियमावली काढली. मशीन जागं कधी, झोपलेलं कधी आणि बंद कधी, याच्या पायऱ्या तिच्यात ठरल्या आणि कुठल्या पायरीवर जायचं हे विंडोजने मदरबोर्डाला सांगायचं, अशी वाटणी झाली. माणसाचं काम क्लिक करण्यापुरतं उरलं.

आबांचं बाजूचं झाकण काढलं की ही वाटणी डोळ्यांनी दिसते. वीज पुरवणाऱ्या डब्यातून, म्हणजे एसएमपीएसमधून, रंगीत तारांचा जाड जुडगा निघतो आणि २४ पिनांच्या सॉकेटने मदरबोर्डात घुसतो. त्यात हिरवी तार एकच. मदरबोर्ड ती जमिनीला जोडून ठेवतो तोवर पंखा, डिस्क, प्रोसेसर सगळ्यांना वीज मिळते. सोडली की सगळं थंड. जांभळी तारही एकच. भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच चालू आहे तोवर तिच्यात ५ व्होल्ट कायम असतात, संगणक बंद असला तरी. मदरबोर्डाचा एक लहानसा भाग त्या जांभळ्या तारेवर रात्रभर जागा असतो, म्हणून तर सकाळी बोटाचा स्पर्श त्याला कळतो. आणि ते मुलामा गेलेलं बटण? त्याच्यापासून निघालेल्या दोन बारीक तारा मदरबोर्डाच्या कडेच्या दोन पिनांवर बसतात. त्या वीज तोडत नाहीत, बटण दाबलं गेलं एवढंच कळवतात. चार सेकंद दाबून धरलं तर मात्र मदरबोर्ड विंडोजला न विचारता हिरवी तार सोडून देतो. आमच्याकडे त्याला ‘आबांचा गळा धरणे’ म्हणतात.

आबा निजत नाहीत ही बातमी गाळ्याबाहेर गेली तशी सल्ल्यांची रीघ लागली. आमच्या प्रूफं तपासणाऱ्या काकांचं मत सरळ होतं, “पिन उपसा. विजेशिवाय कोण जागं राहतंय?” एका रात्री त्यांनी स्वतःच ते करून दाखवलं, तेही ठिपके गोल फिरत असतानाच. दुसऱ्या दिवशी एक पत्रिका उघडेना. विंडोजची एनटीएफएस पद्धत डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब धक्क्यातूनही सावरून घेते, पण अर्धवट लिहिलेल्या फाइलीच्या पोटातला मजकूर ती कुठून आणणार? मुलीकडचे सगळे मामा पुन्हा टाइप करावे लागले. बाजारातल्या एका दुकानात आबांना रिक्षातून नेलं तर काउंटरवरच्या माणसाने झाकणही न उघडता निदान केलं, “बोर्ड गेलाय. नाहीतर फॉरमॅट मारून बघू.” फॉरमॅट म्हणजे कोरल, फॉन्ट, डोंगलचं सॉफ्टवेअर, वर्षानुवर्षांचे केस पेपर, सगळं नव्याने मांडायचं. आबांना तसंच रिक्षात घालून परत आणलं.

त्यानंतर आला तो हार्डवेअरचं काम करणारा पोरगा, पाठीला सॅक आणि खिशात पेनड्राइव्ह. त्याने स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढलाच नाही. आधी विचारलं, “अडतंय कुठं, ते बघितलंय का कुणी?”

त्याचं म्हणणं असं, की बंद होणं हा एक क्षण नसतो, ती मिरवणूक असते. आधी विंडोज उघड्या प्रोग्रॅमना निरोप देतं. कुणी फाइल सेव्ह न करता ठेवली असेल तर पडद्यावर त्याचं नाव येतं आणि सगळे त्याच्यासाठी थांबतात. मग पडद्यामागे चालणाऱ्या सेवांची पाळी. त्यांना आवरायला साधारण पाच सेकंद मिळतात, नंतर विंडोज वाट बघत नाही. त्यानंतर प्रिंटर, स्कॅनर, नेटवर्क कार्ड अशा एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला कळवलं जातं की दुकान मिटतंय. सगळ्यांचा होकार आला की शेवटी मदरबोर्डाला सांगायचं, सोड हिरवी तार. ‘शटिंग डाउन’ लिहिलेलंच राहिलं तर घोळ वरच्या पायऱ्यांवर, प्रोग्रॅममध्ये किंवा सेवांत. पडदा काळा होऊन पंखा फिरत राहिला तर घोळ खाली, ड्रायव्हर किंवा मदरबोर्डावरच्या बायॉसच्या आसपास. बंद होऊन आपोआप परत चालू झालं तर तिसरंच: नेटवर्क कार्डाला किंवा कीबोर्डाला मशीन जागं करायची परवानगी दिलेली असते, नाहीतर बंद होताना विंडोज कोसळतं आणि स्वतःला पुन्हा उठवतं. आबांचं दुखणं दुसऱ्या प्रकारातलं.

मग त्याने विंडोजऐवजी उबंटू ही दुसरी प्रणाली चालू केली. आबांच्या डिस्कला हात न लावता, नुसतं पेनड्राइव्हवरून. दोन मिनिटं ते परकं रूप घेऊन आबा बसले आणि तिथून ‘पॉवर ऑफ’ म्हटल्यावर गप्पकन गेले. पंखा बंद, दिवा बंद. बोर्ड आणि एसएमपीएस यांच्यावरचा आळ त्या एका चाचणीत उतरला. बोर्डच गेला असता तर त्याला विंडोज काय आणि उबंटू काय, दोन्ही सारखीच.

पुढचा प्रश्न त्याने आमच्या ऑपरेटर ताईंना केला, “ताई, रिस्टार्ट केलं तर अडतंय का?” ताईंनी विचार करून सांगितलं, “नाही ओ. रिस्टार्टला कधीच नाही.” पोरगा हसला. त्याने विंडोजमध्ये कीबोर्डाची शिफ्ट दाबून धरली आणि तशीच धरून ‘शट डाउन’वर क्लिक केलं. आबा पुन्हा गप्पकन गेले. शिफ्ट न धरता केलं तर उंबऱ्यात.

गंमत इथे आहे. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि नव्या मशिनांवर ती बहुधा आपोआप चालूच असते. तीत ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत ‘हायबरफिल’ नावाच्या फाइलीत डिस्कवर उतरवून ठेवले जातात आणि सकाळी ते सगळं उचलून परत मेमरीत ठेवलं जातं. म्हणून चालू व्हायला वेळ कमी लागतो. ‘रिस्टार्ट’ला ही सवलत नाही, तिथे सगळं खरोखर बंद होऊन नव्याने सुरू होतं. शिफ्ट धरून केलेलं ‘शट डाउन’ही तसंच, पुरतं. म्हणजे रोज रात्री आपण ज्याला बंद करणं समजतो त्यापेक्षा रिस्टार्ट हे अधिक खरं बंद होणं. पडताळायचं असेल तर टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ पाहावा. आबा शहाण्यासारखे निघून गेले म्हणून ज्या रात्री आम्ही मोजत होतो, त्या रात्री तो आकडा शून्यावर न येता चढतच जायचा. आबा स्वतःच्या मते त्या रात्री झोपलेलेच नव्हते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्येही साक्ष मिळाली. अडलेल्या प्रत्येक रात्री १०७४ क्रमांकाची नोंद: अमुक माणसाने बंद करायला सांगितलं. आणि दुसऱ्या सकाळी ‘कर्नेल-पॉवर ४१’: मागच्या वेळी मशीन नीट बंद न होताच उठलं. हुकूम निघाला होता, तामिली झाली नव्हती, आणि मधे आम्ही गळा धरला होता.

पण काही रात्री जातात आणि काही रात्री नाही, हे का? याचं उत्तर पोरग्याकडे नव्हतं. ते ताईंनी दिलं. “ज्या दिवशी फोटो स्कॅन करते ना, त्या दिवशीच अडतं. परवा नुसते केस पेपर होते, तेव्हा गेलं.” स्कॅनरची यूएसबी काढली आणि साधं ‘शट डाउन’ केलं. आबा गेले. यूएसबी लावली, एक आजोबा स्कॅन केले, ‘शट डाउन’ केलं. पंखा चालू. उंबऱ्यात आबा उभे नव्हतेच. त्यांच्या मागे स्कॅनरचा ड्रायव्हर पाय ओढत होता. तो विंडोज ७ च्या काळातला. स्कॅन झाल्यावर ‘आता मिटून घे’ म्हणून त्याला सांगितलं की तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आणि एकाचा जरी होकार यायचा राहिला तर आबांना हिरवी तार सोडवत नाही. लग्नसराईत दुखणं का वाढायचं, तेही उलगडलं. पत्रिका जास्त, म्हणून आजोबा जास्त, म्हणून स्कॅनर जास्त.

उपाय निदानापुढे अगदीच किरकोळ निघाला. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, वरची निळी ओळ दाबून कुलूप काढायचं आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढून सेव्ह करायचं. त्या रात्री आबा गेले ते गेलेच. सकाळी उठायला आता थोडा वेळ जास्त घेतात, पण त्यांना चहा होईपर्यंत विचारायचं नाही हा नियम आधीपासूनच आहे. ज्यांच्या मशिनात एसएसडी आहे त्यांना तर हा फरक फारसा जाणवतही नाही.

तरी काकांची शंका फिटली नाही. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनी अंधारात बोट दाखवलं, “ते बघा. माउसचा लाल दिवा चालूच आहे. आबा जागेच आहेत.” पंखा बंद, निळा दिवा बंद, आणि माउसच्या पोटाखाली लालसर उजेड. हे मात्र दुखणं नव्हे. जांभळ्या तारेतले ५ व्होल्ट यूएसबीलाही जातात, काही मशिनांत बंद असतानाही. युरोपात २०१३ पासून बंद मशिनाने अर्ध्या वॉटपेक्षा जास्त वीज खाऊ नये असा नियम आहे, त्यामुळे बऱ्याच मदरबोर्डांच्या बायॉसमध्ये ‘ईआरपी’ नावाची खूण सापडते. ती चालू केली की तोही दिवा जातो. कुणी सरळ भिंतीवरचा स्विच बंद करतात. चालतं. फक्त मग मदरबोर्डाचं घड्याळ रात्रभर सीआर२०३२ सेलवर चालतं आणि तो सेल थोडा लवकर बदलावा लागतो.

दिव्यापेक्षा पंख्याची किंमत मोठी. अडलेलं मशीन रात्रभर ५० वॉट खातं असं धरलं तर बारा तासांत ०.६ युनिट होतं. अशा शंभर रात्री म्हणजे ६० युनिट, न छापलेल्या पत्रिकांवर. वर पंख्याची आणि एसएमपीएसची झीज वेगळीच. आणि गळा धरून निजवलं तर डिस्कवर काय अर्धवट राहिलं ते सकाळीच कळतं.

आबांचं आता वय झालं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला जी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि जे नवे प्रोसेसर लागतात ते आबांच्या पोटात नाहीत. म्हणून त्यांची नेटची तार काढून टाकली आहे. ईमेल, पेमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो नव्या मशिनावर. आबांकडे कोरल, डोंगल आणि आजोबा. एवढ्या कामाला ते अजून पुष्कळ वर्षं पुरतील.

त्यांच्या बाबतीत माझा निकाल असा: आबा हट्टी नव्हते, प्रामाणिक होते. आतल्या एकाचं काम उरकलेलं नसताना त्याला अंधारात टाकून ते निघत नव्हते. दोष त्या एकाचा होता आणि तो शोधायला स्क्रू ड्रायव्हर लागला नाही, दोन नीट विचारलेले प्रश्न आणि रोज त्या मशिनावर बसणाऱ्या बाईचं निरीक्षण लागलं. तेव्हा तुमच्याही घरी किंवा ऑफिसात असे कुणी आबा असतील तर पिन उपसू नका आणि ‘फॉरमॅट मारू’ म्हणणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. आधी कुठल्या पायरीवर अडतंय ते बघा, रिस्टार्ट होतं का बघा, यूएसबीला टांगलेली लटांबरं एकेक काढून बघा. आणि सगळ्यांत आधी शिफ्ट धरून एकदा ‘शट डाउन’ करा. त्याला पैसे पडत नाहीत.